एकाच डब्यातले दोन

खाण चालू होती तेव्हा मी ट्रकांवर नंबर घालायचो,
मागच्या फाळक्यावर शांतादुर्गा, पुढे मालकाच्या मुलीचं नाव.
आता वनखात्याचे बोर्ड.
सांग्याच्या कचेरीतून कागद आला:
नेत्रावळीच्या पायवाटेसाठी दोन पक्षी,
काळ्या कपाळाचा सातभाई, फुगऱ्या गळ्याचा सातभाई,
सोबत फोटो, झेरॉक्स, दोन्ही करडे.
कारकून म्हणाला, फोंडू, एकच काढ
नि दुसऱ्याला डोकं बदल,
कोण बघतोय.

पुनो वेळीप मला वेर्लेच्या वाटेनं घेऊन गेला.
तो अनवाणी चालतो नि माझ्या बुटांवर हसतो.
विचारलं, तुमच्यात ह्यांना काय म्हणतात?
सुकणीं.
दोघांनाही?
खाता येत नाहीत, त्यांना वेगळं नाव कशाला.

पहिला दिसायच्या आधी ऐकू आला.
पाचोळ्यात कुणीतरी जुन्या वहीची पानं उलटत होतं,
एक उचल, खाली बघ, बाजूला टाक.
मुंग्या, वाळवी, जे काही शिल्लक.
पाठ तपकिरी, टोपी विटकरी,
गळा पांढरा, छातीवर ओघळ,
रंगात टर्पेंटाइन जास्त झालं की येतात तसे.
उडायचं त्याच्या मनातच नव्हतं. चालत होता,
पुनोसारखा, पाय उचलून.
नाव सातभाई आणि सोबतीला एकटीच बायको,
तीही दहा पावलांवर.
मग गळा फुगवून तीन सूर दिले,
मधला वर, शेवटचा खाली,
आणि पुन्हा कामाला लागला.

दुसरा ओहोळाकाठी, वेताच्या जाळीत.
तो मात्र नावाला जागणारा: सहा मोजले,
सातवा हलत राहिला.
बोलणं म्हणजे किरकिर, गंजल्या बिजागरीची,
एक बोलला की सगळे.
पाठ तीच. डबा उघडून शेजारी धरला असता
तर तसूभर फरक निघाला नसता.
पण डोक्यावर काळी कुंची, कानांपर्यंत ओढलेली,
आणि तिच्यात डोळा पिवळट,
निजताना दिवा विझवायला कुणी विसरावं तसा.

पुनोनं बोट केलं: वेळूच्या पानांचे गोळे,
मोसंब्याएवढे, एक, दोन, तो पलीकडे तिसरा.
अंडी कशात?
असलीच तर एकात. बाकीचे रात्रीला,
नाहीतर उगीच, बांधून ठेवलेले.
मला माझा थोरला भाऊ आठवला.
खाणीच्या पैशात त्यानं कुडचड्याला तीन मजले उठवले,
वरच्या दोहोंना अजून खिडक्या नाहीत,
खालच्यात तो, वहिनी,
आणि खिळ्याला बंद टिप्परची चावी.

आणि त्या पहिल्याचं घरटं?
पुनो थांबला.
पायाखाली बघ, म्हणाला.
मी एक पाय हवेत धरून उभा राहिलो,
किती वेळ ते ठाऊक नाही.

बोर्ड रंगवला मागच्या दारी, मे महिन्यात.
तपकिरी दोघांना एकाच डब्यातली.
तो रंग मला दुकानात शोधावा लागला नाही,
वीस वर्षं चाकांतून उडालेली धूळ तीच,
कौलांवर, फणसाच्या पानांवर, शर्टाच्या कॉलरला.
डोकं बदलून भागणार नव्हतं.
एकाला पाय दिले नीट, नख नि नख.
दुसऱ्याचे पाय वेतामागे अर्धेच ठेवले,
सगळा वेळ त्याच्या डोळ्यात गेला.
नंबरप्लेटचा पिवळा उरला होता तळाशी,
एक थेंब पुरला.

संध्याकाळी भाऊ येऊन उभा राहिला,
बराच वेळ, हात मागे बांधून.
म्हणाला, हा काळ्या डोक्याचा
आपल्याला ओळखतो वाटतं.

कचेरीत बिल चौरस फुटानं झालं.
पक्षी किती, ह्याला त्या कागदात रकानाच नव्हता.